उसनं कवच

जिरं आणि मोहरी ही एकाच वेताची दोन पिल्लं. आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत, कुणीतरी टाकून दिलेल्या मिक्सरच्या खोक्यात ती जन्मली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. या भाटीनं तीन जागा बदलल्या आणि चौथ्या खेपेला एकेकाला मानेला धरून आमच्या गॅलरीत आणून ठेवलं. जिरं थोराड होतं, दुधावर पहिलं आणि खाण्यावरही पहिलं. मोहरी बारीक, अंगानं भावापेक्षा बरीच लहान, कायम त्याच्या पायाखाली तुडवली जाणारी. काळजी वाटायची ती मोहरीची.

आठव्या आठवड्यात दोघांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर तिहेरी लसीचा पहिला डोस मिळाला. दुसरा चार आठवड्यांनी होता. नेमकं त्या आठवड्यात घरात लग्न निघालं आणि मी तो पुढे ढकलला. एक डोस झालाय, पंधरा दिवसांनी काय बिघडतं, असा विचार केला.

तेराव्या आठवड्यात एका संध्याकाळी जिरं जेवायला आलं नाही. सकाळी ते पाण्याच्या वाटीपाशी दिसलं. चारही पाय अंगाखाली घेऊन, पाठीला कुबड काढून, हनुवटी वाटीच्या काठावर टेकवून बसलेलं. नाक पाण्यापासून बोटभर अंतरावर. तहान दिसत होती, पण जीभ बाहेर येत नव्हती. मांजरांच्या डॉक्टरांना हे बसणं इतकं ओळखीचं असतं, की मी फोनवर वर्णन करताच पलीकडून आवाज आला, "आत्ताच्या आत्ता घेऊन या, आणि दुसऱ्या पिल्लाला वेगळं ठेवा." रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली गेलेल्या. निरोगी पिल्लात त्या साधारण साडेपाच हजारांच्या वर असतात. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं.

मोहरी त्याच्याच टोपलीत झोपत होती, त्याच्याच ताटलीत जेवत होती. तिला काहीही झालं नाही.

आई एक, लस एक, तारीख एक. मग धष्टपुष्ट पिल्लू गेलं आणि मरतुकडं वाचलं, हे कसं? मांजराच्या पिल्लाला लस कधी द्यायची आणि ती पुन्हा पुन्हा का द्यायची, याचं सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे. त्यासाठी सुरुवात करावी लागते ती चिकापासून.

गाय किंवा म्हैस व्यायली की पहिल्या दिवसांच्या दाट, पिवळसर दुधाला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस करतो. खरवस वडी पडण्याइतका घट्ट बसतो तो चिकातल्या प्रथिनांमुळे, आणि त्या प्रथिनांत मोठा वाटा असतो प्रतिपिंडांचा. प्रतिपिंडं म्हणजे रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारे, त्याला निकामी करणारे रक्तातले रेणू. मांजरीलाही असाच चीक येतो. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. मांजरीच्या वारेतून ती फारच थोडी पार होतात. त्यामुळे पिल्लाची जवळजवळ सगळी भिस्त चिकावर. आणि तीही अगदी थोडा वेळ. नवजात पिल्लाचं आतडं ही प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेतं, पण जन्मानंतर जेमतेम सोळा तास. त्यानंतर पिल्लू आईचं दूध पोटभर पीत राहिलं तरी प्रतिपिंडं रक्तात उतरत नाहीत.

म्हणजे पिल्लाला मिळतं ते उसनं कवच. आईकडे जे असेल तेवढंच ती देणार. तिनं एखादा रोग कधी पाहिलाच नसेल, तिला लसही मिळाली नसेल, तर त्या रोगापुरतं तिच्याकडे द्यायला काही नसतं. आणि मिळालेलंही सगळ्या भावंडांना सारखं मिळत नाही. जे पिल्लू पहिल्या तासांत सडाला घट्ट चिकटलं त्याच्या वाट्याला जास्त, जे मागे ढकललं गेलं त्याच्या वाट्याला कमी.

उसनं असल्यामुळे ते सरतंही. साधारण दर दहा दिवसांनी पिल्लाच्या रक्तातलं आईच्या प्रतिपिंडांचं प्रमाण निम्मं होतं. आता थोडा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा मोहरीला चिकातून ३२० एकक मिळाले आणि हावऱ्या जिऱ्याला त्याच्या आठपट, २,५६०. समजा हे प्रमाण १० वर आलं की लस पिल्लाच्या अंगी लागू शकते. ३२० चे १० व्हायला पाच वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे पन्नास दिवस, सात आठवडे. २,५६० चे १० व्हायला आठ वेळा, म्हणजे ऐंशी दिवस, साडेअकरा आठवडे. एकाच आईची दोन पिल्लं, पण एक दुसऱ्याच्या महिनाभर मागे.

यात लसीचं काय होतं? मांजरांच्या तिहेरी लसीत बहुतेक वेळा जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते पिल्लाच्या शरीरात थोडेसे वाढतात, आणि त्या वाढण्यामुळेच शरीर जागं होऊन स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकतं. रक्तात आईची प्रतिपिंडं भरपूर असतील तर ती या दुबळ्या विषाणूला शत्रू समजून आल्या पावली संपवतात. पिल्लाचं स्वतःचं शरीर काही शिकतच नाही. पुस्तिकेत स्टिकर लागतो, पिल्लाच्या अंगी काही लागत नाही. आठव्या आठवड्यात मोहरीची उसनवारी संपलेली होती, लस तिच्या अंगी लागली. जिऱ्याचं कवच अजून जाड होतं, म्हणून त्याचा डोस वाया गेला. पुढे साडेअकराव्या आठवड्याच्या सुमाराला तेही उघडं पडलं, आणि बाराव्या आठवड्याचा डोस, जो त्याच्या बाबतीत खरा पहिला ठरला असता, तो मी दिला नाही. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. दुसरं कुठलंही स्पष्टीकरण घडलेल्या गोष्टींशी इतकं जुळत नाही.

याहून वाईट एक बारकावा आहे. दुबळ्या लसीला अडवायला थोडी प्रतिपिंडं पुरतात. बाहेरच्या खऱ्या, जोमदार विषाणूला अडवायला जास्त लागतात. त्यामुळे कवच विरत जाताना मध्ये असे काही दिवस येतातच, की ते लसीला आत येऊ देत नाही पण रोगाला येऊ देतं. हे दिवस कुठल्याही वेळापत्रकानं पूर्णपणे टाळता येत नाहीत. म्हणून लसीची मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेरच्या मांजरांपासून दूर ठेवायचं. लस दिली तरीही.

प्रत्येक पिल्लाची प्रतिपिंडं रक्त काढून मोजत बसणं शक्य नसतं. म्हणून पशुवैद्यकांनी सरळ मार्ग काढला. कवच कधी उतरेल ते माहीत नाही ना, मग ते उतरण्याच्या सगळ्या संभाव्य काळात ठरावीक अंतरानं दार ठोठावत राहायचं. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, जिला डब्ल्यूएसएव्हीए म्हणतात, तिच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत हेच आहे: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत किंवा त्याही पुढे हा क्रम चालू. घरात वाढणाऱ्या पिल्लासाठी आठ, बारा आणि सोळा आठवडे हे गणित लक्षात ठेवायला सोपं. जिथे आजूबाजूला मांजरांची वर्दळ आहे, तिथे डॉक्टर सहाव्या आठवड्यापासून तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं सोळावा आठवडा ओलांडेपर्यंत देतात. दोन डोसांत दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. आधीच्या डोसानं जागं झालेलं शरीर पुढच्याला नीट प्रतिसाद देत नाही.

माझं ठाम मत आहे की या मालिकेत सर्वांत मोलाचा डोस शेवटचा असतो, आणि लोक नेमका तोच सोडतात. कंपनीच्या पत्रकावर पुष्कळदा नऊ आणि बारा आठवडे असे दोनच डोस छापलेले असतात. ते झाले की "लसीकरण पूर्ण" असं समजून पुस्तिका कपाटात जाते. पण बाराव्या आठवड्यातही ज्यांचं उसनं कवच शाबूत असतं अशी पिल्लं थोडीथोडकी नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिल्लांना आठ, बारा आणि सोळा असे तिन्ही डोस देऊन रक्त तपासलं, तरी एक तृतीयांशाहून अधिक पिल्लांच्या शरीरानं पॅनल्युकोपेनियाच्या, म्हणजे ज्या रोगानं जिरं गेलं त्या पॅनल्यूकच्या, लसीला प्रतिसाद दिलेला दिसला नाही. मार्गदर्शिकेत पूर्वी वर्षभरानं सांगितला जाणारा बूस्टर आता अलीकडे, सव्वीसाव्या आठवड्यावर आणला आहे, तो यासाठीच. सोळाव्या आठवड्यातही ज्या पिल्लाला डोस लागला नसेल त्याला वर्षभर उघडं न ठेवता सहाव्या महिन्यातच आणखी एक संधी. नसबंदीच्या विचारानं आपण या वयात डॉक्टरांकडे जातोच. त्या सुमाराला आठवणीनं विचारावं.

यापुढे मोठेपणी पॅनल्यूकसाठी तीन वर्षांतून एकदा पुरतं असं जागतिक मार्गदर्शन आहे. जी मांजरं बोर्डिंगमध्ये राहतात किंवा बाहेर फिरतात त्यांना सर्दीच्या विषाणूंसाठी दर वर्षी. आपल्याकडे बरेच डॉक्टर सरसकट वार्षिक डोस देतात. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं, वाद घालू नये.

तिहेरी लस तीन रोगांसाठी असते. दुकानात आणि दवाखान्यात तिला ट्रायकॅट किंवा फेलिजेन अशा ब्रँडच्या नावानंच ओळखतात. तिच्यातला पहिला विषाणू पॅनल्युकोपेनियाचा, ज्यानं जिरं गेलं. हा पार्वो कुळातला. कुत्र्यांचा पार्वो १९७८ च्या सुमाराला जगभर पसरला, तो याच्याच घराण्यातून निघाला. वाढत्या पेशींवर याचा डोळा: आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. म्हणून एकीकडे उलट्या-जुलाब आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशींचा दुष्काळ. माणसाला तो होत नाही, पण माणसाच्या चपलेवरून घरात येतो. पिल्लू कधीच घराबाहेर जात नाही म्हणून लस नको, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या चपला कुठून कुठून येतात ते आठवावं.

उरलेले दोन, हर्पीस आणि कॅलिसी, यांनी मांजरांची सर्दी होते. हर्पीसमध्ये शिंका, चिकटलेले डोळे, बुबुळावर जखमा. कॅलिसीमध्ये जिभेवर फोड, लाळ, कधीकधी लंगडणं. या दोघांची लस संसर्ग पूर्ण रोखत नाही, आजार सौम्य करते. लस घेतलेलं मांजर शिंकलं म्हणून लस खोटी ठरत नाही. हर्पीस तर एकदा शिरला की जन्मभर मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं, असा ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

वेळापत्रक आठवड्यांत आहे, आणि आपल्याकडची बहुतेक पिल्लं जन्मतारीख घेऊन येत नाहीत. ती बोनेटखाली सापडतात, गटाराशी सापडतात, शाळेतून येताना मुलांच्या दप्तरातून येतात. वय ओळखायचं ते दातांवरून. डोळे जन्मानंतर एक ते दोन आठवड्यांत उघडतात. समोरचे बारीक दाणे, म्हणजे दुधाचे पटाशीचे दात, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसतात, सुळे त्यानंतर लगेच, आणि दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. सव्वीस दुधाचे दात पूर्ण आले असतील तर पिल्लू दोन महिन्यांच्या आसपास आहे. निळे डोळे रंग बदलू लागले असतील तर सहा-सात आठवडे. वजनाचाही अंदाज घेता येतो, महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅम. पण उपाशी पिल्लू वयापेक्षा लहान दिसतं, म्हणून वजनापेक्षा दातांवर विश्वास ठेवावा.

चार आठवड्यांच्या आत मात्र जिवंत लस अजिबात द्यायची नाही, आणि गाभण मांजरीलाही नाही. या वयात लहान मेंदू अजून घडत असतो आणि पॅनल्यूकचा विषाणू, दुबळा असला तरी, तिथे इजा करू शकतो. पोटात असताना किंवा जन्मताच हा संसर्ग झालेली पिल्लं आपण रस्त्यावर पाहिलेली असतात: चालताना झोकांड्या खातात, ताटलीवर तोंड नेताना मान डुगडुगते. हा दोष दुखत नाही, वाढतही नाही, ती तशीच जगतात, आणि सांभाळणारा असेल तर आनंदानं जगतात. जिथे पिल्लांची गर्दी असते अशा निवाऱ्यात चार ते सहा आठवड्यांत लस सुरू करतात. घरात सहाच्या आधी घाई करायचं कारण नसतं.

आता प्रत्यक्ष दिवस. त्याआधी जंतांचं औषध झालेलं असावं. मांजरीच्या दुधातूनच गोलकृमी पिल्लात उतरतात, म्हणून ते तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं आणि डॉक्टर त्याचं प्रमाण वजनावरून ठरवतात. पिल्लाला नेताना भाजीच्या पिशवीत नेऊ नये. रस्त्यावर हॉर्न वाजला की ते पिशवीतून उसळी मारतं आणि पुन्हा हाती लागत नाही. झाकण असलेली प्लॅस्टिकची टोपली, आत घरातलंच वापरलेलं फडकं, टोपलीवर ओढणी. दवाखान्यात टोपली जमिनीवर ठेवायची नाही, मांडीवर ठेवायची. जमिनीवर आजारी जनावरं बसून गेलेली असतात.

टेबलावर डॉक्टर आधी ताप बघतात. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला ते कायम तापल्यासारखंच लागणार. हिरड्या गुलाबी आहेत का, पोट फुगलंय का, कान, डोळे. ताप असेल, जुलाब असतील, दोन दिवस खाल्लं नसेल तर ते लस पुढे ढकलतील, आणि ते ऐकावं. नुसती एखादी शिंक हे मात्र लस टाळायचं कारण नाही.

मग फ्रीज उघडतो. इथे बारकाईनं बघा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिलेली असली पाहिजे. दुकानातून आणलेली लस थर्मासमध्ये, बर्फाच्या पाकिटासह यायला हवी. वर्तमानपत्रात गुंडाळून मे महिन्यात स्कूटीच्या डिकीतून आलेली लस द्यायला नकार देणं हा तुमचा हक्क आहे. आणि ती बर्फाला थेट चिकटून गोठलेली असेल तर तीही नको. तिहेरी लसीच्या बाटलीच्या तळाशी सुकवलेल्या औषधाची लहानशी वडी असते, शेजारी दुसऱ्या बाटलीत ती विरघळवायचं पाणी. डॉक्टर तुमच्यासमोर पाणी आत सोडतात, बाटली तळहातावर अलगद फिरवतात, वडी क्षणात विरते, आणि ते औषध लगेच, तासाभराच्या आत वापरायचं. सकाळी विरघळवून संध्याकाळी दिलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पिल्लू लहान म्हणून अर्धा डोसही द्यायचा नसतो. जितकी मोठ्या बोक्याला तितकीच अर्ध्या किलोच्या पिल्लाला; लसीचं प्रमाण वजनावर नाही, शरीराला धडा मिळण्यावर ठरतं.

टोचतानाची जागाही विचारण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलून तिथे टोचण्याची पद्धत होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं, की अगदी क्वचित, काही हजारांत एखाद्या मांजराला, इंजेक्शनच्या जागी कर्करोगाची गाठ होते. खांद्यांच्या मधली गाठ काढणं फार अवघड, पायावरची त्या मानानं सोपी. म्हणून आता पायावर, शक्य तितकं खाली टोचावं असं सांगतात, आणि कुठली लस कुठल्या पायाला ते पुस्तिकेत लिहून ठेवतात. टोचल्यावर काही दिवस वाटाण्याएवढी गाठ येणं नेहमीचंच, ती जिरते. पण ती तीन महिन्यांनीही तशीच असेल, किंवा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा एक महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तपासणीला पाठवायची. तीन-दोन-एक, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. या भीतीनं लस टाळू नका. पॅनल्यूकनं जाणारी पिल्लं त्यापुढे अगणित आहेत.

इंजेक्शननंतर वीस-पंचवीस मिनिटं दवाखान्याच्या बाकावर बसून राहा. तोंड सुजणं, अचानक उलटी-जुलाब, धाप लागणं, पिल्लू लुळं पडणं असं काही झालं तर ते बहुधा या वेळात किंवा पुढच्या काही तासांत होतं, आणि त्यावर उपाय डॉक्टरांकडे हाताशी असतो. बाकी दिवसभर ते झोपाळू असेल, थोडं कमी खाईल, टोचलेला पाय हात लावू देणार नाही. दुसऱ्या दिवशी ठीक होतं.

अंग गरम लागतंय म्हणून घरातली तापाची गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, चतकोर गोळीसुद्धा. हे औषध निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात नसल्यासारखीच असते. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या आणि जीभ करड्या-तपकिरी पडतात. मायेनं दिलेल्या या गोळीनं किती मांजरं गेली असतील याचा विचारही करवत नाही.

रेबीजची लस वेगळी. ती मृत विषाणूची असते आणि बारा आठवड्यांनंतर देतात, मग वर्षभरानं बूस्टर, पुढे लसीच्या कंपनीनुसार दर वर्षी किंवा तीन वर्षांनी. भारतात हिच्याबद्दल चर्चेला जागाच नाही. रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रा येतो आणि पसरवणाराही मुख्यतः तोच, पण पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेलं मांजर घरात आपल्या मांडीवर येऊन बसतं. लस नसलेलं, नुकतं आणलेलं पिल्लू चावलं किंवा नखानं रक्त निघालं तर "केवढंसं ते" म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ कधीच मागे पडला. आता ती दंडात असतात आणि सरकारी रुग्णालयात मिळतात. गोव्यानं गेल्या दशकात गल्लोगल्लीच्या कुत्र्यांना जाळी टाकून, पकडून लस दिली आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. दर वर्षी २८ सप्टेंबरला, लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी, ठिकठिकाणी मोफत रेबीज लसीची शिबिरं होतात. लसीची तारीख चुकलेल्यांना ती सोयीची.

सोळा आठवड्यांहून मोठं मांजर सापडलं तर लांबलचक मालिकेची गरज नसते. तिहेरी लसीचे दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि एक रेबीज. त्याचं उसनं कवच एव्हाना उतरलेलं असतं.

जिरं गेल्यावर डॉक्टरांनी मला घर धुवायला सांगितलं, आणि ते कसं धुवायचं हे मी तेव्हा शिकले. पॅनल्यूकचा विषाणू शरीराबाहेर वर्षभर तग धरतो. सॅनिटायझरनं तो मरत नाही. फिनाईलनंही मरत नाही, उलट फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या पोटात गेली तर त्याला बाधतात. पॅरासिटामॉल न पचण्यामागचं कारणच इथेही लागू पडतं. चालतं ते साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी. आधी फरशी साबणानं घासून मळ काढायचा, मग हे पाणी फिरवून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग स्वच्छ धुवून सुकवायचं. ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. ताटल्या, वाट्या, मातीचा ट्रे ब्लीचमध्ये बुडवले. टोपली आणि गोधडी जाळून टाकली, कारण कापडाच्या शिवणीतून तो निघत नाही.

मोहरीला तिचे राहिलेले डोस मिळाले, रेबीजही मिळाली. पुढचं पिल्लू आम्ही वर्षभर आणलं नाही. नंतर जे आलं ते बहिणीच्या घरी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत राहिलं, शेवटचा डोस घेतला, आणखी दोन आठवडे तिथेच थांबलं, आणि मग एका रविवारी झाकणाच्या टोपलीतून, वर ओढणी घालून, आमच्या घरात आलं. मोहरी त्याच्यावर फिस्कारली आणि सोफ्याखाली जाऊन बसली.